सिलिकॉन क्वांटम डॉट: साईज तीच, रंग वेगळा, असं कसं?

अवनी_एमएस्सी:

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट पोरस सिलिकॉन (बारीक छिद्रं पाडलेलं सिलिकॉन) आणि त्यातून सुटणाऱ्या नॅनोकणांच्या, म्हणजे क्वांटम डॉटच्या, फोटोल्युमिनसन्सवर (प्रकाश टाकल्यावर चमकणं, थोडक्यात पीएल) घेतलाय. प्रोसेस नेहमीचीच, बोरॉन डोप्ड पी-टाईप वेफर, एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) आणि इथेनॉल, टेफ्लॉनचा सेल, प्लॅटिनमची तार, करंट द्यायचा, थर तयार झाला की धुवायचा आणि मग टोल्युइनमध्ये टाकून सोनिकेटरला लावायचा. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली पहिल्यांदा केशरी-लाल चमकलं तेव्हा शेजारच्या लॅबमधली पोरंपण बघायला आली होती.

आता अडचण अशी की रंग जागेवर राहत नाहीये, आणि सरकतो तोही एका दिशेने नाही. साधं एच केलेलं (असं एचएफने कोरलेलं) सँपल गडद लाल होतं, ते उघड्या हवेत ठेवलं तर हळूहळू केशरीकडे गेलं आणि मंद झालं. दुसऱ्या सँपलवर एच करताना वरून लाईटपण मारला होता म्हणजे कण अजून बारीक व्हावेत, ते एचएफमधून काढल्या काढल्या पिवळट-हिरवं दिसत होतं आणि धुऊन वाळवेपर्यंत केशरी झालं, म्हणजे हे उलट लालाकडे सरकलं. त्यात माझ्या पार्टनरने लाल सँपलमधलेच थोडे कण घेऊन त्यांना नायट्रोजनवालं अ‍ॅलिलअमाइन लावलं तर ते चक्क निळे चमकायला लागले! टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) लाल आणि निळ्या दोन्हींची साईज ३ नॅनोमीटरच्या आसपासच येते, फार फरक नाही.

आम्हाला शिकवलंय ते सरळ आहे, कण लहान तर बँडगॅप (इलेक्ट्रॉनला वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा) मोठा आणि रंग निळ्याकडे, पार्टिकल इन अ बॉक्स, म्हणजे डब्यात कोंडलेल्या कणाचं गणित. मग साईज तीच असताना लालाचं निळं होतं कसं? आणि हवेने एक सँपल इकडे आणि दुसरं तिकडे का जातं? गाईड मॅडम म्हणाल्या सरफेस केमिस्ट्री वाच, पण पेपर उघडले की एक म्हणतो ऑक्सिजन, दुसरा म्हणतो नायट्रोजन, तिसरा म्हणतो सगळं साईजच आहे. कुणी जरा सुरुवातीपासून समजावून सांगेल का, व्हायव्हाला हे विचारणार हे नक्की.

घनअवस्था:

अवनी, तुझी तिन्ही निरीक्षणं बरोबर आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून गोंधळ होतोय. सुरुवातीपासून सांगतो, जरा लांबेल.

साधं सिलिकॉन प्रकाश देण्यात अगदी कमजोर, कारण त्याचा बँडगॅप इनडायरेक्ट. रूम टेंपरेचरला तो १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ११०० नॅनोमीटरच्या आसपासचं इन्फ्रारेड, आणि तेही नावापुरतंच, कारण इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनने सोडलेली रिकामी जागा) एकत्र यायला फोनॉनची (स्फटिकातल्या कंपनाची) मदत लागते. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत ली कॅनहॅम यांनी एच केलेलं सिलिकॉन रूम टेंपरेचरला डोळ्यांना दिसेल असं लाल चमकतं हे दाखवलं आणि तिथून हा सगळा विषय उभा राहिला. सिलिकॉनमधल्या एक्सायटॉनची (इलेक्ट्रॉन-होलच्या जोडीची) त्रिज्या साडेचार-पाच नॅनोमीटर धरतात, त्याहून कण लहान झाला की कन्फाइनमेंट (ही जोडी कोंडली जाणं) लागू होतं, गॅप वाढतो, इथपर्यंत तुझं पुस्तक बरोबर आहे.

पण पुस्तकात एक गोष्ट सहसा ठासून सांगत नाहीत आणि माझ्या मते सगळ्याची चावी तीच आहे. कण लहान झाल्यावरही सिलिकॉनचा इनडायरेक्टपणा पूर्ण जात नाही, तो बऱ्यापैकी उरतोच. त्यामुळे त्याला प्रकाश द्यायला वेळ फार लागतो. कॅडमियम सेलेनाइडचा डॉट वीसेक नॅनोसेकंदात फोटॉन सोडून मोकळा होतो, सिलिकॉनच्या डॉटला दहा-वीसपासून शंभरेक मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजारपटीने जास्त. आता एसटी तासाभराने येणार असेल तर स्टँडवरच्या प्रवाशाला मधेच वडापवाला उचलणारच ना, इथे तेच होतं. एक्सायटॉन इतका वेळ कणात थांबलेला असतो की सरफेसवर जे काही असेल, तुटका बंध, ऑक्सिजन, अमाइन, त्याला एक्सायटॉन पकडायला भरपूर सवड मिळते. कॅडमियमवाल्यांनाही सरफेसचा त्रास आहेच पण सिलिकॉनला तो कितीतरी जास्त आहे तो ह्या संथपणामुळे.

आणि सरफेस म्हणजे किती, तेही बघ. सिलिकॉनमध्ये एका घन नॅनोमीटरमध्ये ५० अणू असतात. ३ नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान १४ घन नॅनोमीटर, म्हणजे ७०० अणू. सिलिकॉन-सिलिकॉन बंधाची लांबी ०.२३५ नॅनोमीटर आहे, तेवढ्या जाडीची साल वरून काढली असं धर, तर ४० टक्के अणू त्या सालीतच निघतात. २ नॅनोमीटरचा कण घेतलास तर २०० अणू आणि निम्म्याहून जास्त सालीत. हा ढोबळ हिशोब आहे पण व्हायव्हाला फळ्यावर करून दाखव, सरफेस का महत्त्वाचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता पहिली गोष्ट, मंद होणं. सरफेसवरच्या अणूचा एखादा बंध कुणाशीच जोडलेला नसेल तर त्याला डँगलिंग बाँड म्हणतात, सिलिकॉन आणि ऑक्साइडच्या सीमेवर असला की त्यालाच पीबी सेंटर म्हणतात आणि तो ईएसआरमध्ये (एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन पकडणाऱ्या मोजणीत) जी-फॅक्टर २.००५ च्या आसपास दिसतो. त्याची पातळी गॅपच्या मधोमध पडते, इलेक्ट्रॉन तिथे अडकला की ऊर्जा उष्णतेत जाते, प्रकाश नाही. ७०० अणूंच्या कणात असा एक बंध असला तरी तो कण विझला. म्हणून सँपलचा क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनपैकी किती परत बाहेर आले ते प्रमाण) २० टक्के आला तर प्रत्येक कण २० टक्के चमकतोय असं समजू नको, बरेचसे कण पूर्ण काळोखात आहेत आणि थोडे जवळजवळ शंभर टक्क्यांनी चमकतायत असं चित्र जास्त खरं आहे. स्टॉकहोमच्या केटीएचमधल्या लोकांनी २०१५ मध्ये लिगंड (सरफेसवर बसवलेले रेणू) लावलेल्या सिलिकॉन कणांवर मोजून दाखवलं की चमकणाऱ्या कणांची आतली कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या जवळ असते. एच केल्या केल्या तुझ्या कणांवर सगळीकडे हायड्रोजन असतो, तो बंध झाकून ठेवतो, म्हणून ताजं सँपल झगझगीत दिसतं. हवेत हायड्रोजन जाऊन वेडावाकडा ऑक्साइड येतो, मधे मधे बंध उघडे राहतात, आणि ते मंद होतं.

दुसरी गोष्ट, दोन दिशा. ऑक्सिडेशन दोन कामं एकाच वेळी करतं. एक, बाहेरून सिलिकॉन खातं, त्यामुळे आतला गाभा बारीक होतो आणि एमिशन निळ्याच्या दिशेला सरकतं. तुझं गडद लाल सँपल मोठ्या कणांचं होतं, ते केशरीकडे गेलं ते ह्यामुळे. दुसरं काम म्हणजे सरफेसवर ऑक्सिजनच्या नव्या पातळ्या तयार करणं. कण ३ नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर त्याचा स्वतःचा गॅप इतका मोठा झालेला असतो की ह्या ऑक्सिजनच्या पातळ्या गॅपच्या आत येतात, एक्सायटॉन तिथे उतरतो आणि कमी ऊर्जेचा फोटॉन देतो, म्हणजे लालाकडे. हे १९९९ मध्ये रोचेस्टरच्या वोल्किन, फोशे आणि त्यांच्या फ्रान्समधल्या साथीदारांनी फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये मांडलं. आर्गॉनमध्ये जपून ठेवलेले कण साईजप्रमाणे निळ्यापासून लालापर्यंत चमकत होते, हवा लागली की लहान कणांचं एमिशन लालाकडे घसरलं, काही सँपलमध्ये १ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत, आणि कण कितीही लहान असला तरी २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे काही जाईना. १२४० ला २.१ ने भाग, ५९० नॅनोमीटर येतात, म्हणजे केशरी. तुझं पिवळट-हिरवं सँपल नेमकं कुठे येऊन थांबलं बघ! त्यांनी ह्या पातळ्या सिलिकॉन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या आहेत असं गणित केलं होतं, त्या बंधावर नंतर वाद झाले, पण हवेने लहान कणांचा रंग केशरीपाशी अडकतो हे निरीक्षण टिकून आहे.

निळ्याबद्दल इथे दुसरं कुणीतरी नीट सांगेल, माझा तो प्रांत नाही.

रसायन_रसिक:

वरचं उत्तर वाचून खूप बरं वाटलं, विशेषतः काळोखातले कण आणि चमकणारे कण हा मुद्दा, लोक यील्डचा आकडा वाचतात आणि चुकीचा अर्थ लावतात.

मी केमिस्ट्रीच्या बाजूने लिहितो. पण त्याआधी, अवनी, एचएफबद्दल. तुमच्याकडे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफ अंगावर पडलं तर लावायचं औषध) फ्यूम हूडच्या शेजारी ठेवलेलं आहे का? नसेल तर पुढचं एच करू नकोस, आधी जेल मागव. पातळ एचएफ हातावर पडलं तर लगेच दुखत नाही, काही तासांनी दुखायला लागतं आणि तोवर ते आत जाऊन कॅल्शियमला चिकटलेलं असतं, जास्त असेल तर हृदयापर्यंत प्रकरण जातं. काचेची भांडी अजिबात नाहीत, पॉलिप्रॉपिलिन किंवा टेफ्लॉन. एकटीने रात्री काम करू नकोस. हे तुला सांगितलेलं असणारच, तरी लिहितोय, कारण हा धागा उद्या दुसरं कुणीतरी वाचेल.

आता हायड्रोजनवाला सरफेस टिकवायचा कसा. तर तो टिकवायचा नाही, बदलायचा. सिलिकॉन-हायड्रोजन बंध पाणी आणि ऑक्सिजनसमोर फार काळ तग धरत नाही, पण सिलिकॉन-कार्बन बंध धरतो. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या लिनफोर्ड आणि चिडसी यांनी सपाट सिलिकॉनवर अल्किलचे (कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांचे) थर सिलिकॉन-कार्बन बंधाने बसवून दाखवले, तीच हायड्रोसिलिलेशनची युक्ती आता क्वांटम डॉटवर सर्रास वापरतात. टोकाला दुहेरी बंध असलेला अल्कीन घ्यायचा, १-डोडेसीन बहुतेक सगळीकडे मिळतं, ताजे एच केलेले कण त्यात टाकायचे, आर्गॉनखाली १७०-१९० अंश सेल्सिअसला ढवळत ठेवायचं. ह्यात एक खूण आहे जी मला अजूनही बघायला आवडते, सुरुवातीला मिश्रण गढूळ तपकिरी असतं कारण हायड्रोजनवाले कण एकमेकांना चिकटून गोळे झालेले असतात, रिअ‍ॅक्शन पुढे सरकली की ते हळूहळू निवळतं आणि शेवटी चहाच्या रंगाचं पण आरपार दिसणारं द्रावण राहतं. निवळलं नाही तर समजायचं की पाणी किंवा हवा आत गेली किंवा कण आधीच ऑक्सिडाइझ झाले होते, तिथे तासभर जास्त तापवून काही होत नाही. फ्रीझ-पंप-थॉ (गोठवून, हवा ओढून, परत वितळवून) करून अल्कीनमधला ऑक्सिजन काढणं इथे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच घाईत सोडतात.

तरी सगळे हायड्रोजन बदलले जात नाहीत हे लक्षात ठेव. डोडेसिलची साखळी जाड आहे, शेजारी शेजारी प्रत्येक सिलिकॉनवर बसायला जागाच नाही, सपाट १११ सरफेसवरसुद्धा निम्म्याच्या आसपासच बसतात. उरलेले हायड्रोजन साखळ्यांच्या मधे लपून राहतात आणि साखळ्या पाण्याला लांब ठेवतात म्हणून वाचतात. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड शोषणाच्या स्पेक्ट्रममध्ये) २१०० सेमी⁻¹ च्या आसपासचा सिलिकॉन-हायड्रोजनचा पट्टा कमी झालेला दिसेल पण गायब नाही होणार, २८५० ते २९६० मध्ये सीएचचे पट्टे येतील, आणि १०५० ते ११०० मध्ये रुंद डोंगर दिसला तर तो ऑक्साइड. हे तिन्ही एकाच स्पेक्ट्रममध्ये बघायचे आणि हवेत ठेवल्यावर परत काढायचा, तुझा अर्धा प्रोजेक्ट तिथेच आहे.

यील्ड कुठवर जातो म्हणशील तर मिनेसोटात कॉर्ट्सहागेन यांच्या ग्रुपने प्लाझ्मात कण बनवून हवा न लागू देता लिगंड लावले तेव्हा २००६ मध्ये ६० टक्क्यांच्या वर गेला. सिलिकॉनसाठी हा आकडा ऐकून लोक चक्रावले होते. आणि २०११ मध्ये तिथल्याच लोकांनी अशा कणांची एलईडी बनवली, साडेआठ टक्क्यांच्या आसपास एक्स्टर्नल एफिशियन्सी, जवळच्या इन्फ्रारेडमध्ये.

मोरपंखी_२२:

एक छोटी शंका, ऑक्साइड इतका वाईट असेल तर सगळ्या चिप इंडस्ट्रीत सिलिकॉनवर ऑक्साइडच वाढवतात ना? तिथे कसं चालतं मग?

घनअवस्था:

@मोरपंखी_२२, ऑक्साइड वाईट नाही, घाईत आलेला ऑक्साइड वाईट. जास्त तापमानाला नीट वाढवलेला ऑक्साइड आणि वर हायड्रोजन मिसळलेल्या वायूत ४०० अंशांच्या आसपास अ‍ॅनीलिंग, म्हणजे जे डँगलिंग बाँड उरलेत त्यांना हायड्रोजन मिळतो, चिपवाले वर्षानुवर्षं हेच करतायत. पोरस सिलिकॉनमध्येसुद्धा टोकियोच्या जेलोझ आणि कोशिदा यांनी २००५ मध्ये जास्त दाबाच्या वाफेत सँपल ठेवून चांगल्या प्रतीचा ऑक्साइड वाढवला आणि क्वांटम यील्ड २३ टक्क्यांवर नेला, सँपल टिकाऊ झालं ते वेगळंच. सीमेवर ताण नसलेला, दोष नसलेला थर हवा, मग तो कार्बनचा असो की ऑक्सिजनचा. रंग मात्र दोन्हींत सारखा येईलच असं नाही.

मंदप्रकाश:

निळ्याचं मी सांगते, पीएचडीची बरीच वर्षं ह्याच निळ्यात गेलीत. टाईम-रिझॉल्व्ड पीएल करते, म्हणजे चमक किती वेळात विझते (लाईफटाईम) ते मोजते.

अवनी, निळं दिसलं की सगळ्यात आधी लाईफटाईम मोजायचा. सिलिकॉनच्या गाभ्यातून येणारं लाल एमिशन मायक्रोसेकंदात मरतं, त्याला जुने लोक एस-बँड म्हणजे स्लो बँड म्हणतात. निळं बहुतेक वेळा नॅनोसेकंदात मरतं, तो एफ-बँड. ३ नॅनोमीटरच्या कणातलं निळं जर नुसत्या कन्फाइनमेंटमुळे असतं तर ते इतकं फास्ट नसतं. म्हणजे ते गाभ्यातून येतच नाहीये किंवा गाभा आणि सरफेस मिळून बनलेल्या वेगळ्याच अवस्थेतून येतंय.

अल्बर्टा विद्यापीठात व्हेनोट यांच्या ग्रुपने २०१३ मध्ये ह्यावर फार चांगलं काम केलं. वेगवेगळ्या पद्धतींनी बनवलेले कण घेतले, काही पद्धतींचे लाल येत होते, काहींचे निळे, आणि लोक वर्षानुवर्षं भांडत होते की खरं कुठलं. त्यांनी दाखवलं की निळ्यांच्या मागे नायट्रोजन आहे, तोही अगदी किंचित, रिअ‍ॅक्शनमध्ये वापरलेल्या अमोनियमच्या क्षारांतून आलेला, आणि जोडीला ऑक्सिजन. चांगले लाल कण घेऊन त्यांना असा नायट्रोजनवाला क्षार लावला तर लाल जाऊन निळं आलं. गाभा तोच, साईज तीच. मग २०१४ मध्ये त्यांनी त्याच्याही पुढे जाऊन ३-४ नॅनोमीटरच्या एकाच मापाच्या कणांवर फक्त वरचे ग्रुप बदलून निळ्यापासून लालापर्यंत सगळा पट्टा काढून दाखवला, अमाइन लावलेले निळ्या टोकाला, साधे अल्किल लावलेले लाल टोकाला. तुझ्या पार्टनरने अ‍ॅलिलअमाइन लावून जे बघितलं ते ह्याच गावचं आहे.

का होतं हे वर घनअवस्था यांनी सांगितलेल्या वेळेच्या हिशोबातूनच निघतं. नायट्रोजनमुळे सरफेसवर चार्ज ट्रान्सफरची (चार्ज एका अणूकडून दुसऱ्याकडे सरकण्याची) अवस्था तयार होते, ती फोटॉन सोडायला नॅनोसेकंद घेते, गाभ्याला मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे तिचा वेग हजारपटीने जास्त, तीच जिंकते, लालापर्यंत एक्सायटॉन पोहोचतच नाही.

पण, आणि हा पण फार मोठा आहे, हे सगळं मान्य करायच्या आधी निळं खरंच सिलिकॉनच्या कणांतूनच येतंय का हे तपासायला हवं. अमाइनला हवेत आणि उष्णतेत ठेवलं की ती स्वतःच चमकणारे कार्बनवाले पदार्थ तयार करते. अमाइनवाल्या सायलेनपासून, म्हणजे एपीटीईएसपासून, एका भांड्यात 'सिलिकॉन क्वांटम डॉट' बनवल्याचे ढीगभर पेपर आहेत, एपीटीईएस आणि एक रिड्यूसिंग एजंट मिसळला, तापवला, निळं-हिरवं चमकलं, झाला पेपर. त्यातल्या अनेकांत सिलिकॉनचा स्फटिक दाखवलेलाच नसतो. एपीटीईएसमध्ये सिलिकॉनला तीन ऑक्सिजन आधीच जोडलेले आहेत, साध्या एस्कॉर्बेटने ते काढून डायमंड रचनेचं सिलिकॉन मिळेल ही अपेक्षाच अवघड आहे. मला ह्याचा मनापासून त्रास होतो कारण नवीन मुलं असे पेपर वाचून सुरुवात करतात आणि मग सहा महिने एका कार्बनी पदार्थाचा सरफेस समजून घेत बसतात.

तुझे कण वेफरमधून आलेत म्हणून गाभा सिलिकॉनच आहे, हा तुझा फायदा आहे. तरी अ‍ॅलिलअमाइन एकटं, कणांशिवाय, त्याच तापमानाला तेवढाच वेळ ठेव आणि त्याचा पीएल काढ. तेही निळं चमकलं तर समजून जा.

क्वांटमवेडा:

सगळ्यांचं वाचलं, पण आता धागा वाचून कुणालाही वाटेल की साईजचा काही संबंधच नाही, सगळं सरफेस. ते बरोबर नाही.

अल्किल लावलेले, नीट ऑक्सिजन टाळून बनवलेले कण घेतले तर एमिशन साईजबरोबर व्यवस्थित सरकतं. टेक्सासमध्ये ऑस्टिनला कॉर्गेल यांच्या ग्रुपने २०१२ मध्ये हायड्रोजन सिल्सेस्क्विऑक्सेन (सिलिकॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं संयुग) तापवून, तापमान कमीजास्त करून वेगवेगळ्या मापाचे कण काढले, एचएफने मोकळे केले, अल्कीन लावलं, आणि दिसणाऱ्या लालापासून जवळच्या इन्फ्रारेडपर्यंत एमिशन मापाप्रमाणे गेलं. मोठे कण इन्फ्रारेडमध्ये, लहान लालात. सरफेसच सगळं ठरवत असता तर सगळ्यांवर तोच अल्किल असताना रंग बदलला नसता.

आणि हा वाद प्रयोगाने सोडवायचा एक सुंदर मार्ग २००८ मध्ये नेचर नॅनोटेक्नॉलॉजीत आला होता. गोडेफ्रू आणि सहकाऱ्यांनी ऑक्साइडमधले सिलिकॉन कण ५० टेस्लापर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवून पीएल बघितला. एक्सायटॉन कणभर पसरलेला असेल तर चुंबकीय क्षेत्रात त्याची ऊर्जा मोजता येईल इतकी सरकते, एखाद्या दोषावर एका जागी चिकटलेला असेल तर जवळजवळ सरकत नाही. तर काय दिसलं, बनवल्या बनवल्या सँपलमध्ये एमिशन दोषांचं होतं. हायड्रोजनने दोष झाकल्यावर तेच सँपल कन्फाइनमेंटचं वागायला लागलं. मग यूव्ही मारून हायड्रोजन उडवला तर परत दोषांचं. एकच सँपल, दोन्ही बाजूंची उत्तरं. म्हणून पेपर एकमेकांशी भांडताना दिसतात त्यातले बरेचसे आपापल्या सँपलपुरते खरे असतात, प्रत्येकाचा सरफेस वेगळा होता एवढंच.

मंदप्रकाश:

@क्वांटमवेडा, ह्याच्याशी सहमत, आणि मी साईज नाकारत नाहीये. फक्त क्रम उलटा लावायला हवा असं माझं म्हणणं आहे. आधी सरफेसवर काय आहे ते सांगा, मग साईज बोलायला लागते. अल्किलवर साईजचं ऐकू येतं कारण अल्किल गॅपमध्ये काही नवीन पातळी आणत नाही, ऑक्सिजन आणि नायट्रोजन आणतात. सरफेसचा डेटा न देता नुसता टीईएम आणि पीएलचा रंग जोडून कन्फाइनमेंट सिद्ध झालं असं लिहिणारे पेपर मला पटत नाहीत.

क्वांटमवेडा:

हो, असं मांडलं तर माझीही काही हरकत नाही.

अवनी_एमएस्सी:

बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप खूप आभार. जेल आहे सर, हूडच्या बाजूच्या कपाटात, उद्याच ते बाहेर काढून हूडला टांगून ठेवते.

एक करून बघितलं. अ‍ॅलिलअमाइन कणांशिवाय तापवलं, त्याचा पीएल काढला तर थोडं निळं आलं, पण कण असलेल्या सँपलपेक्षा बरंच कमी. म्हणजे काही भाग तिथून येतोय पण सगळा नाही असं धरू का? आणि लाल सँपलचा एफटीआयआर काढला, ताज्यात २१०० चा पट्टा एकदम ठळक, हवेत ठेवलेल्यात तो खाली गेलाय, १०८० ला मोठा डोंगर आलाय आणि २२५० च्या आसपास एक नवीन पट्टा दिसतोय जो मला पुस्तकात सापडला नाही. तो काय असेल?

शिवाय मॅडम विचारत होत्या की हे सगळं कशासाठी करायचं, कॅडमियमचे डॉट इतके छान रंग देतात, त्यांना २०२३ चं नोबेलही मिळालं. काय उत्तर देऊ?

रसायन_रसिक:

२२५० वाला पट्टा चांगली बातमी आहे, म्हणजे तुझा स्पेक्ट्रम नीट आलाय. सिलिकॉनवर हायड्रोजन अजून आहे पण त्याच सिलिकॉनच्या मागच्या बंधांमध्ये ऑक्सिजन घुसलाय, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतो त्यामुळे सिलिकॉन-हायड्रोजनचं कंपन वर सरकतं, २१०० चं २२५० ला जातं. म्हणजे हवा आधी वरचा हायड्रोजन काढते असं नाही, ती मागच्या दाराने सिलिकॉन-सिलिकॉन बंधात शिरते. हे स्पेक्ट्रम रिपोर्टमध्ये मोठं करून टाक, ऑक्सिडेशन कुठून सुरू झालं ते त्यात डोळ्यांनी दिसतंय.

मॅडमना उत्तर, पहिलं म्हणजे विष. कॅडमियम शरीरात साठतं, सिलिकॉनचा नॅनोकण विरघळून ऑर्थोसिलिसिक अ‍ॅसिड होतो आणि किडनीतून बाहेर पडतो. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला सेलर यांच्या ग्रुपने २००९ मध्ये पोरस सिलिकॉनचे चमकणारे कण उंदरांत सोडून बघितले, कण चमकत अवयवांपर्यंत पोहोचले आणि नंतर विरघळून निघून गेले. आणि नोबेलचं म्हणशील तर ते मिळालेल्या तिघांपैकी लुई ब्रुस यांनी स्वतः १९९३ मध्ये ऑक्साइडचं आवरण असलेल्या, मापाने वेगळ्या केलेल्या सिलिकॉन कणांवर काम केलंय, त्यामुळे सिलिकॉन हा नोबेलच्या विषयाबाहेरचा नातेवाईक नाही. संथपणासुद्धा कामाला येतो, शरीरातले बाकी सगळे पदार्थ नॅनोसेकंदात चमकून विझतात, सिलिकॉन मायक्रोसेकंद चमकत राहतो, जरा थांबून फोटो घेतला की मागचा गोंगाट गेलेला असतो.

मंदप्रकाश:

कंट्रोलचं, म्हणजे कणांशिवाय तापवलेल्या अमाइनचं, हो, दोन्ही स्पेक्ट्रम एकाच एक्सायटेशनवर, तेवढ्याच अ‍ॅबसॉर्बन्सला काढलेत ना ते आधी बघ, नाहीतर कमी-जास्त म्हणण्याला अर्थ नाही. मग वजाबाकी कर. त्याहून चांगलं म्हणजे कण सेंट्रिफ्यूज करून अमाइन धुऊन टाक, दोन-तीनदा, आणि वरचं पाणी आणि खालचे कण दोघांचा वेगवेगळा पीएल घे. निळं वरच्या पाण्यातच राहिलं तर ते कणांचं नाही. कणांवर राहिलं तर एक्सपीएसला (एक्स-रेने सरफेसवरचे अणू ओळखणाऱ्या चाचणीला) दे, नायट्रोजन १एस ४०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास दिसेल, आणि सिलिकॉन २पी मध्ये ९९ ला गाभ्याचं आणि १०३ च्या पुढे ऑक्साइडचं शिखर, त्यांचं प्रमाण लिहून ठेव.

लाईफटाईमची सोय तुमच्याकडे नसेल तर डिपार्टमेंटमधून पत्र घेऊन जवळच्या सेंट्रल फॅसिलिटीला पाठव, पण पाठवताना आधीच सांग की मायक्रोसेकंद रेंज हवी आहे, नाहीतर ते नेहमीच्या मेगाहर्ट्झच्या लेझरवर लावतात, पल्स इतक्या जवळ जवळ येतात की लाल डिके दिसतच नाही, सपाट बॅकग्राउंड वाटतो आणि रिपोर्ट येतो 'लाईफटाईम ४ नॅनोसेकंद'. काही किलोहर्ट्झवर आणायला सांग. आणि लालाचा कर्व्ह सिंगल एक्स्पोनेन्शियलमध्ये बसणार नाही, वेगवेगळ्या मापाचे कण एकत्र आहेत, स्ट्रेच्ड एक्स्पोनेन्शियल लावून बघ. डेटा आला की इथेच टाक, फिट करताना अडलीस तर मी आहे.